जी बस आधी येईल ती

"जी बस आधी येईल ती आपली," असं म्हणणाऱ्या बाईशी माझं पटणं शक्यच नव्हतं. मी पुण्यातल्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. नोकरीत असताना शाळेचं वेळापत्रक लावलं, निवृत्त झाल्यावर घराचं लावलं. सोमवारी मुगाची उसळ म्हणजे सोमवारी मुगाचीच उसळ. आमचे हे गेल्यावर मुलगा म्हणाला, आई, आता काही महिने आमच्याकडे ऑकलंडला ये. तर मी येतानाच सगळा आराखडा डोक्यात पक्का करून आले होते. काय बघायचं, काय शिकायचं, नातीला कुठलं स्तोत्र कुठल्या आठवड्यात शिकवायचं. आणि माउंट रॉस्किलला त्याच्या घरी येऊन बघते तर दोन घरं पलीकडे ही बाई. अमरावतीजवळच्या कुठल्याशा गावची, मुलीकडे राहायला आलेली. नवरा तिकडेच, कारण त्याला म्हणे गाय सोडून येववत नव्हतं.

सगळे तिला अमरावतीच्या काकू म्हणायचे. मी तोंडावर "अहो" म्हणायचे, मनात "अगं" म्हणायचे आणि इथे सरळ "ती" म्हणणार आहे. ज्याचा मत्सर वाटतो त्या माणसाला मनातल्या मनात अहोजाहो करणं मला जमत नाही. हो, मत्सरच. उगाच गोड शब्द शोधत बसत नाही. ती समोरून येताना दिसली की माझ्या पोटात दुखायचं.

आणि ती दिसायची लांबूनच. ताडमाड उंच. साडी चांगली वर खोचलेली, खाली मुलीचे जुने पळायचे बूट, वर जावयाचं भडक केशरी जॅकेट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातात फरशी पुसायच्या मॉपचा निळा दांडा. काठी नव्हे, दांडा. मॉपचं डोकं निखळलं तेव्हा मुलगी तो टाकून देणार होती. हिने उचलला, इथे रबरी चपलांना जँडल म्हणतात, त्यातल्या एका जुन्या जँडलचा तुकडा कापून दांड्याच्या टोकाला बसवला आणि जाहीर केलं की कुत्र्यालाही धाक आणि गुडघ्यालाही आधार. तिची मुलगी हॉस्पिटलात नर्स. बिचारी मला एकदा म्हणाली, काकू, तुम्ही तरी सांगा ना आईला, लोक बघतात. मी सांगितलं. ती म्हणाली, "बघतात न? मग चांगलं आहे. नाही बघितलं तर एखाद्या गाडीखाली यीन मी."

आता अशा माणसाला काय बोलणार?

तिचा दिवस असा असायचा. मुलगी-जावई कामाला गेले की पोळी आणि ठेचा स्टीलच्या डब्यात भरायचा, दांडा घ्यायचा आणि कोपऱ्यावरच्या स्टॉपवर जाऊन उभं राहायचं. जी बस आधी येईल ती आपली. शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, उतरायचं, पाय नेतील तिकडे चालायचं, भूक लागली की बसून खायचं, मग कोणाला तरी विचारत विचारत परत यायचं. विचारायची ती वऱ्हाडीत, थोडं हिंदी आणि त्याहून थोडं इंग्रजी मिसळून. आणि उत्तर ऐकायची नाहीच. समोरचा हात करून उजवीकडे दाखवतोय, ही डावीकडे चाललीय, आणि तो बिचारा तिला सोडायला दोन गल्ल्या सोबत चाललाय, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मोबाइल ती नेत नसे. हरवला तर? म्हणून तो घरी, रुमालात गुंडाळून, साखरेच्या डब्यामागे सुरक्षित.

माझा मोबाइल सदैव माझ्याजवळ. चार्ज केलेला. मुलाचा नंबर पहिला, सुनेचा दुसरा. आणि मी कुठे? तर घरी.

म्हणजे अगदीच घरात कोंडून घेतलं नव्हतं. रोज सकाळी घरामागच्या टेकडीवर फिरायला जात होते, मुलाने आखून दिलेल्या वाटेने. टेकडीच्या माथ्यावरून समोर समुद्र दिसतो आणि समुद्रात ते बेट. रांगिटोटो. ज्वालामुखीचं बेट आहे, पालथ्या घातलेल्या परातीसारखं, मध्ये जरासं टेंगूळ. गंमत म्हणजे या शहरात कुठूनही बघा, ते सारखंच दिसतं. मुलाच्या गाडीतून पुलावरून जाताना तेच, मॉलच्या गच्चीवरच्या पार्किंगमधून तेच. सारखं समोर येऊन उभं. मला आल्या दिवसापासून तिथे जायचं होतं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. पुण्यात असताना आम्ही दोघं दर रविवारी पर्वती चढायचो. हे गेल्यावर मी एकटी पर्वतीवर गेले नव्हते. मनात होतं की परत जायच्या आधी एकदा त्या बेटाच्या माथ्यावर आपल्या पायांनी जाऊन उभं राहायचं. ऑकलंडला मी पुन्हा काही येणार नव्हते, विमानातल्या त्या बैठकीनंतर माझ्या कमरेने तसं बजावलं होतं. बाकी काही नाही झालं तरी चालेल, पण बेट झालं पाहिजे.

मुलाला सांगितलं तर म्हणाला, नक्की, नेक्स्ट वीकेंड. मी वेळापत्रक केलं. बस किती वाजता, बोट किती वाजता, माथ्यावर जेवण, शेवटच्या बोटीच्या आधीची बोट पकडून परत. तो वीकेंड पावसात गेला. दुसऱ्यांदा केलं, तर माउंट वेलिंग्टनच्या त्याच्या ऑफिसात काहीतरी बंद पडलं आणि शनिवारी सकाळीच त्याला बोलावणं आलं. तिसऱ्यांदा नातीच्या मैत्रिणीचा वाढदिवस निघाला. मी म्हटलं, अरे मी एकटी जाते की. तर म्हणे, नको आई, तिथे दुकान नाही, पाणी नाही, शेवटची बोट चुकली तर माणूस अडकून पडतं. नात बाजूने म्हणाली, "आजी, चिल." तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. चिल म्हणजे गप्प बस, एवढं मलाही कळतं.

आणि मग त्या रविवारी ते झालं.

आमच्याकडे रविवारी दुपारी एका हॉलमध्ये मुलांकडे आलेले मराठी आईवडील जमतात. भजन, चहा, कुणाचं तरी छोटंसं बोलणं. कार्यक्रम आखण्याचं काम अर्थातच माझ्याकडे. त्या रविवारी मी स्वतः बोलणार होते, चांगली तयारी करून, "उतारवयातील दिनचर्या" या विषयावर. मी उभी राहिले, चष्मा लावला, आणि दारातून ती आली. उशिरा, नेहमीप्रमाणे. पण दांड्याशिवाय. कोणीतरी विचारलं, काकू, दांडा कुठे? ती म्हणाली, "राह्यला बाप्पा, बेटावर."

झालं. माझी दिनचर्या तिथेच आटोपली.

मंगळवारी ती नेहमीसारखी बसमध्ये बसली, ती गावात बंदराशी उतरली. तिथे बोट उभी होती. कुठे जाते म्हणून विचारलं, तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने बोटाने समोरचं बेट दाखवलं. ही म्हणाली, द्या मग. एवढंच. मी तीन-तीन वेळा वेळापत्रक लावलेल्या गोष्टीची हिची तयारी एवढीच.

त्या बेटावर जाणाऱ्यांना चढायच्या आधी बूट ब्रशने साफ करायला लावतात, पिशव्या बघतात. कारण असं की तिथे पूर्वी उंदीर फार होते, ते महामुश्किलीने संपवले, आणि आता पक्षी परत आले आहेत. एक उंदीर, एखादं बी, मुंगीसुद्धा तिकडे जाऊ नये म्हणून ही सगळी खबरदारी. हिच्या पिशवीत बघितलं तर डबा, घट्ट झाकणाचा. सोडली. पण हिच्या कमरेला कनवटीला काय आहे ते कोण बघणार? हिच्या माहेरी म्हणे डोंगर चढायचा तर रिकाम्या हाताने जायचं नाही. डोंगर म्हणजे देवी. तर ही वर माथ्यावर पोचली, काळ्या दगडांत एक बरीशी जागा बघितली, हळदकुंकू वाहिलं, सुपारी ठेवली आणि दोन मुठी तांदळाने डोंगराची ओटी भरली.

हात जोडून डोळे उघडते तर समोर एक गोरा म्हातारा. बेटाची निगा राखायला जी सेवाभावी मंडळी येतात, त्यांतला. आयुष्याची उमेदीची वर्षं त्याने उंदीर हटवण्यात घालवलेली, आणि ही बाई दोन मुठी तांदूळ सांडून प्रसन्न चेहऱ्याने उभी. असतील शितं तर जमतील भुतं, हे आपल्याकडे आपण नुसतं म्हणतो, तो माणूस त्यावर जगत होता. त्याने समजावून सांगितलं, हातवारे करून, दोन बोटांचे उंदराचे दात करून दाखवले. आणि हिला कळलं. मग ती खाली बसली आणि दगडांच्या फटींतून एकेक दाणा वेचायला लागली. म्हातारा बसला. दोन जर्मन पोरी फोटो काढत होत्या, त्याही बसल्या. चौघं मिळून तांदूळ निवडत होते म्हणे, ज्वालामुखीच्या तोंडाशी. वेचता वेचता हिने त्यांना ठेचा खाऊ घातला, एका पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेवढ्यात शेवटच्या बोटीची वेळ झाली. म्हाताऱ्याने आपल्या कामाच्या गाडीत घालून हिला धक्क्यावर सोडलं. घाईत दांडा गाडीत राहिला.

मी असते तर शरमेने तिथेच त्या ज्वालामुखीत उडी घेतली असती. मुळात मी सूचना वाचल्या असत्या आणि तांदूळ नेलेच नसते. पण हॉलमधले सगळे हसून हसून लोळत होते, आणि शेवटी एकाने विचारलं, मग तो म्हातारा काय म्हणाला? ती म्हणाली, पुन्हा या म्हणाला, आम्हाला अशी वेचणारी माणसं पाहिजेत. आणि भाजी कशी झाली विचारलं तरी, पाय कसा आहे विचारलं तरी जे एकच उत्तर ती इथे शिकली होती, ते तिने त्याला दिलं: "स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत झकास. कारल्याच्या भाजीलाही ती स्वीट ॲजच म्हणायची.

घरी येताना गाडीत मुलगा हसत होता. काकू भारी आहेत हं, म्हणाला. एकदा म्हणाला, मी खिडकीची काच खाली केली. सिग्नलला पुन्हा म्हणाला. मग माझा तोल गेला.

"ती एकटी गेली तर ती भारी, आणि मी एकटी जाते म्हटलं तर मला शेवटची बोट चुकते. असं का रे?"

तो समोर बघत अगदी प्रेमाने म्हणाला, "आई, त्या वेगळ्या आहेत गं. तू तशी नाहीस."

प्रेमाने म्हणाला, म्हणून जास्त लागलं. चिडून म्हणाला असता तर भांडले असते. तू तशी नाहीस. ते वाक्य मी आठवडाभर सोबत घेऊन फिरले. पोळ्या लाटताना तेच, अंघोळ करताना तेच. टेकडीवर गेले तर समोर बेट, परातीसारखं पालथं पडलेलं, आणि आता त्याच्यावर जणू तिचं नाव कोरलेलं. माझं बेट. तिला बिचारीला ते बेट हवं होतं असंही नाही. बस तिकडे गेली म्हणून ती गेली. बस दुसरीकडे गेली असती तर दुसरीकडे गेली असती. याचाच मला राग होता. ज्याची इच्छा नाही त्याला सहज मिळावं आणि ज्याने आस धरली त्याने टेकडीवरून बघत बसावं, हा कुठला न्याय?

मग तिच्या मुलीला दूर दक्षिणेतल्या ख्राइस्टचर्चच्या हॉस्पिटलात चांगली नोकरी लागली आणि ते सगळे तिकडे निघाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जायच्या आदल्या दिवशी ती ठेच्याची बरणी घेऊन दारात आली. मला ती मास्तरीणबाई म्हणायची. मुख्याध्यापिका, असं मी दोनदा सुधारलं होतं, पण उपयोग नाही. चहा घेतला, सुनेची चौकशी केली, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि निघताना चपला घालता घालता म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमी बेटावर जाऊन या एकडाव. तुमाले आवडन ते. मले काय, मले सगळंच आवडते."

मी म्हटलं, बघू. पण मनात चमकले. हिला मी कधीच काही बोलले नव्हते बेटाबद्दल. मग हिला कसं कळलं? आणि कळलं होतं तर त्या मंगळवारी जाताना मला हाक का मारली नाही? दोन घरांचं तर अंतर. हाही राग मी त्या बरणीसोबत फडताळात ठेवून दिला.

ती गेल्यावर रविवारच्या हॉलमध्ये सगळं वेळेवर व्हायला लागलं. भजन वेळेवर, चहा वेळेवर. आणि काय सांगू, फार कंटाळा यायला लागला.

माझं परतीचं तिकीट जवळ आलं. मुलाने शपथेवर सांगितलं की या शनिवारी बेट. मी वेळापत्रक केलं, चौथं. शुक्रवारी सकाळी ऑफिसला निघताना तो दारात उभा राहिला, बूट घालायला वेळ लावला, तेव्हाच मी ओळखलं. आई, उद्या जरा प्रॉब्लेम आहे. मी म्हटलं, असू दे. तू जा.

सगळे गेल्यावर बघितलं तर दूध संपलेलं. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात, तिथे गेले, दोन लिटरची बाटली घेतली आणि बाहेर आले. समोर स्टॉपवर बस येऊन थांबत होती. गावात जाणारी. बसचं कार्ड पर्समध्ये होतं, पायात फिरायचे बूट होते, कारण मुलाची सक्ती. हातातल्या पिशवीत दूध.

मी चढले. विचार केला असता तर चढले नसते. तोपर्यंत आयुष्यात मी विचार न करता काही केलं असेल तर फक्त शिंकले असेन.

बसमध्ये बसले, दुधाची पिशवी मांडीवर घेतली. मुलाला मेसेज लिहिला: बेटावर जाते आहे. संध्याकाळी दूध घेऊन येते. पाठवला आणि लगेच, आयुष्यात पहिल्यांदा, फोन बंद करून टाकला. तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, रिटर्न? मी म्हटलं, ऑफ कोर्स. बूट घासायला लावले, मी इतके घासले की तपासणारा पोरगा म्हणाला पुरे. पिशवी उघडायला लावली. दूध बघून त्याने भुवया उंचावल्या, पण दुधाला कोणाची बंदी नव्हती.

बोट निघाली आणि ते बेट पहिल्यांदा बदलायला लागलं. इतके महिने जे एकसारखं दिसत होतं, त्याला आता झाडं फुटली, खडक फुटले, घळी दिसायला लागल्या. मी कठड्याला घट्ट धरून उभी होते आणि मनात तिच्याशी भांडत होते. तू इथे उभी होतीस का? तू हे बघितलंस का? का पोळी खात बसली होतीस?

धक्क्यावर उतरले तर एक गोरा म्हातारा बोटीवरून येणाऱ्यांना सूचना देत उभा होता. मला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"किया ओरा! यू आर बॅक!"

किया ओरा म्हणजे इथला माओरी नमस्कार, तेवढं कळलं, बाकीचं आधी कळेना. मग त्याने आत शेडमध्ये जाऊन काहीतरी आणलं आणि माझ्या हातात दिलं. निळा मॉपचा दांडा, टोकाला जँडलचा रबरी तुकडा.

अहो, ती ताडमाड उंच, मी जेमतेम तिच्या खांद्याला. तिचं ते केशरी जॅकेट, माझी खादीची शाल. तिचं रुपयाएवढं कुंकू आणि माझं कपाळ मोकळं. त्याला दिसली फक्त साडी. साडी, पिकले केस, एकटीच आली, म्हणजे तीच. अपमानच झाला म्हणायचा. त्याची चूक दुरुस्त करायला मी तोंड उघडलं. मुलींची चुकीची हजेरीसुद्धा मी कधी लागू दिली नाही. तेवढ्यात तो माझ्या पिशवीकडे बघून मिश्किलपणे म्हणाला, "नो राइस टुडे?"

"नो," मी म्हटलं. "मिल्क."

त्याचा चेहरा पडला. त्याने बाटलीकडे बघितलं, मग डोंगराकडे बघितलं, आणि मला कळलं की या माणसाला वाटतंय, मी आता डोंगराला अभिषेक घालणार. मी म्हटलं, "नो पोअरिंग. ओन्ली ड्रिंकिंग." तो इतका हसला की मीही हसले. आणि मग ती चूक सुधारायची राहून गेली ती राहूनच गेली. दांडा हातात होता, तो मी घट्ट धरला आणि चढायला लागले.

वाट काळ्या दगडांतून जाते. सगळीकडे लाव्हाचे खडक, तापलेले, आणि त्यांतून कुठून कुठून उगवलेली झाडं. माती म्हणून नाही. मी दर वळणावर थांबत होते, घोटभर दूध पीत होते आणि पुढे जात होते. येणारेजाणारे बघत होते. साडी नेसलेली म्हातारी, एका हातात मॉपचा दांडा, दुसऱ्या हातात दुधाची बाटली. लोक बघतात ना? मग चांगलं आहे. दांडा मात्र खरंच कामाचा, हे कबूल करायला मला जिवावर आलं. शेवटच्या लाकडी पायऱ्यांवर तर त्याच्याशिवाय माझं काही खरं नव्हतं.

माथ्यावर पोचल्यावर आधी काय केलं असेल, तर दगडांच्या फटींतून तांदळाचा एखादा दाणा राहिलाय का ते तपासलं. चांगली वाकून, चष्मा पुसून बघितलं. एकही नव्हता. तेवढीही चूक केली नाही बाईने.

मग बसले. समोर सगळं शहर पसरलं होतं आणि मी आमची टेकडी शोधायला लागले. इतके महिने तिथून मी हे बेट बघत होते, आणि इथून ती टेकडी मला सापडेना. अशा कितीतरी टेकड्या होत्या, सगळ्या सारख्याच बुटक्या. कुठल्याशा एकीवर मी रोज उभी राहत होते. मला यांची आठवण आली, पर्वतीची आली, थोडं रडूही आलं, आणि मग फार आनंद झाला. अगदी उघड, पोटातून. कोणी मला उठ म्हणणारं नव्हतं आणि मलाही मला उठवायचं नव्हतं. आणि हे सगळं कोणाला सांगावं म्हणून मनात आलं तर पहिली आठवली ती तीच. त्या आनंदातही मला तिचा राग आला.

शेवटच्या बोटीच्या आधीची बोट मी पकडली. एवढं वेळापत्रक पाळलंच.

बंदरावर मुलगा उभा होता, ऑफिसातून तसाच आलेला, चेहरा उतरलेला. मला बघितलं, दांडा बघितला, अर्धी बाटली बघितली. मला वाटलं ओरडेल. तो माझ्या हातातली बाटली घेत म्हणाला, "आई, तू पण त्या काकूंसारखीच झालीस हं."

तू तशी नाहीस, इथपासून तू तशीच झालीस, इथपर्यंत. इतके दिवस मला नेमकं हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर अजिबात आवडलं नाही. मी म्हटलं, कोणाच्यासारखी नाही, मी माझी मी गेले होते. तो म्हणाला, मग हा दांडा? मी म्हटलं, गाडी काढ.

दुसऱ्या दिवशी मी तिला ख्राइस्टचर्चला फोन लावला. खरं तर सांगायला नव्हे, ऐकवायला. मुलीने फोन तिला दिला, साखरेच्या डब्यामागून शोधून आणला असणार. मी सगळं सांगितलं: बस, दूध, अभिषेक, माथा. ती हसत होती, मधे मधे बाप्पा बाप्पा म्हणत होती. मग तिने विचारलं, तिथे तो म्हातारा भेटला का, माझी काठी त्याच्याजवळ राह्यली न.

मी खुर्चीत ताठ बसले. मग स्पष्ट सांगितलं. "भेटला. काठी मिळाली. माझ्याजवळ आहे, आणि मी ती परत देणार नाही."

"ठेवा न," ती म्हणाली. "मी अथी झाडूचा दांडा काढला. घरासमोरच डोंगर हायेत. कालच जाऊन आली एकावर. अख्खं गाव दिसते न तिथून, अन् पलीकडे समुद्र."

माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. निळा दांडा दाराआड उभा होता, त्याच्या रबराला अजून बेटाची काळी धूळ होती. परतीच्या तिकिटाला थोडे दिवस उरले होते.

"कुठला डोंगर?" मी विचारलं. "आणि तिकडे बस कुठून मिळते?"